सर, पाच उचलू का पाच शोधू? (क्यूएवाले म्हणजे क्वालिटीवाले आणि मालक, दोघांनीही उत्तर द्या)

अंबडचा_क्यूए

नमस्कार मंडळी, लांबलचक होणारे, आधीच सॉरी. नाशिकच्या अंबडला एका छोट्या मशीन शॉपमध्ये आहे, साठ-पासष्ट माणसं, डिप्लोमा करून अकरा वर्षं झाली, पाच महिन्यांपूर्वी क्वालिटी हेड केलं. हेड म्हणजे काय तर मी, दोन इन्स्पेक्टर आणि एक अप्रेंटिस पोरगा.

परवा रात्री बेअरिंग हाऊसिंगचं बोअर (बेअरिंग बसतं ते भोक) मोठं गेलं. ४७ एच७ आहे, म्हणजे ४७.००० ते ४७.०२५ मिमी. ऑपरेटरने इन्सर्ट (कापायचं पातं) बदलला आणि जुना वेअर ऑफसेट (पातं झिजतं म्हणून मशीनला दिलेली भर) तसाच ठेवला, मग नवीन धार जास्त कापत गेली. रात्री आमच्याकडे क्वालिटीचं कोणी नसतं. काल सकाळी मी बोअर गेज लावला तर ४७.०३८, ४७.०४१ असं यायला लागलं. ६४० नगांचा लॉट, चांगले-वाईट सगळे एकाच ट्रॉलीत मिसळलेले. बोअर लहान राहिलं असतं तर परत मशीनला लावलं असतं, मोठं झालेलं कुठे भरून येतंय.

वर महिनाअखेर. शेठना सांगितलं. ते ओरडले वगैरे अजिबात नाहीत, चहा पीत होते, म्हणाले "पीडीआयआरला (माल पाठवायच्या आधीच्या तपासणी रिपोर्टला) पाचच नग लागतात ना, पाच चांगले घे, बाकीचं बघू." बस एवढंच. खोटे आकडे टाक असं ते म्हणालेच नाहीत. पाच नग खरे, त्यांची रीडिंग खरी, गेजसुद्धा कॅलिब्रेट केलेला.

आणि शेठ वाईट माणूस असता तर मी इथे लिहिलंच नसतं. लॉकडाऊनला मशीन बंद असताना सगळ्यांना अर्धा का होईना पगार दिला, एका हेल्परच्या बायकोच्या ऑपरेशनला पैसे दिले आणि आजपर्यंत कधी काढून दाखवले नाहीत.

मी अप्रेंटिसला म्हणलं, रिपोर्ट बनव. सिन्नरकडचा पोरगा, आयटीआय केलेला, एकोणीस वर्षांचा, मायक्रोमीटर धरायला मीच शिकवलंय त्याला. तो म्हणतो, "सर, पाच उचलू का पाच शोधू?"

टोमणा नव्हता हो. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं की आपल्याकडे पद्धत काय आहे. मला काही सुचेना, म्हणलं थांब जरा, आणि बाहेर जाऊन टपरीवर उभा राहिलो. नशीब म्हणा काय म्हणा, गाडी मुंबई नाक्याच्या जॅममध्ये अडकली, संध्याकाळी उशिरा आली, मग तो लॉट उद्याच्या गाडीवर ढकलला. म्हणजे माझ्याकडे आजची रात्र आहे.

शेठ चूक का बरोबर हे नाही विचारत. मधल्या माणसाने करायचं काय? वरच्याचं ऐकायचं, खालच्याला शिकवायचं, आणि सही दोन्हीकडून माझीच.

सातपूरवाला_भो

काय भो, एवढं काय मनाला लावून घेतो. पाच शोध, सही मार, घरी जा. सातपूर, अंबड, गोंदे कुठेही जा, महिनाअखेरीला सगळीकडे हेच चालतं. तुझा कस्टमर सेल्फ सर्टिफाइड (म्हणजे आपल्याच रिपोर्टवर) घेत असेल तर तिकडे माल आल्यावर कोण मोजतंय, माल डायरेक्ट लाइनला जातो. आणि १५ मायक्रॉनने काय आभाळ कोसळणारे का? घराचा हप्ता बघ आधी. मी नोकरीत दोनदा हरिश्चंद्र झालो, दोन्ही वेळा पुढच्या इन्क्रिमेंटला शेठची मेमरी लई शार्प निघाली.

इंदिरानगरचे_काका

सातपूरवाल्या, तू म्हणतोस की तिकडे कोणी मोजत नाही म्हणून सही मार. अरे कोणी मोजत नाही म्हणूनच तर ती सही महत्त्वाची ना! त्याच्यापुढे गेजच नाहीये कुठे. ढिल्या बोअरमध्ये बेअरिंगची बाहेरची रिंग फिरायला लागते, हाऊसिंग घासत जातं, आवाज येतो, आणि हे लगेच कळत नाही, गाडी वाटेत बंद पडते तेव्हा कळतं.

प्रश्नकर्त्याला माझी एक गोष्ट सांगतो, मला काही ती अभिमानाने सांगण्यासारखी नाही. चौतीस वर्षं क्वालिटीत काढली मी, नाशिकमध्येच. नव्वदच्या दशकात हीट ट्रीटमेंटचा एक लॉट मऊ आला, हार्डनेस दोन-तीन पॉइंट कमी. मी तेव्हा तुझ्या खुर्चीत. वरून तोच निरोप, चांगले पाच घे. घेतले. पोरांसमोर घेतले. लॉट गेला, काहीसुद्धा झालं नाही, कस्टमरचा फोन नाही की डेबिट नोट (नुकसान वसुलीचा कागद) नाही. मी दोन महिन्यांत विसरून गेलो.

पुढच्या वर्षी एका ऑडिटच्या आधी सहज हार्डनेस टेस्टरपाशी गेलो तर त्याच्यावर धूळ. बंद होता. किती दिवस? सात महिने! आणि रिपोर्टवर रोज ५८, ५९, ५८, ५८. पोराला बाजूला घेऊन विचारलं की मला सांगितलं का नाही, तर तो गोंधळून म्हणतो, "साहेब, मला वाटलं तुम्हाला माहितीये." रागवायचं होतं पण कुठल्या तोंडाने रागवणार. त्याने माझं काही वाकडं केलंच नव्हतं, जे बघितलं होतं तेच जरा नीट, नियमित केलं होतं.

तुझा पोरगा विचारतोय तोवर तुझं बरं चाललंय. माझ्या पोरांनी विचारायचं सोडलं होतं.

आता कामाचं. आज रात्री ६४० च्या ६४० मोजायचे. एका नगाला एक मिनिट धर, दोन गेज दोन माणसं, साडेपाच तासांत उरकतं. तीन ढीग कर, चांगले, ४७.०३५ पर्यंतचे आणि त्याच्या वरचे. वरचे लगेच लाल रंग मारून कुलपात टाक, नाहीतर पुढच्या महिनाअखेरीला ते पाय फुटून परत ट्रॉलीत येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मधल्या ढिगासाठी कस्टमरकडे लेखी डेव्हिएशन (मापाबाहेरचा माल चालेल अशी परवानगी) माग, आकड्यांसकट, माल जायच्या आधी. तो नाही म्हणाला तर नाही.

आणि शेठकडे सकाळी एकटा जा. प्रवचन द्यायचं नाही, कागद न्यायचा. किती नग, किती रुपयांचं स्क्रॅप, आणि कस्टमरच्या लाइनवर सापडलं तर सॉर्टिंगची माणसं, परतीचं भाडं, डेबिट नोट मिळून किती. चांगला माणूस आहे म्हणतोस ना, मग चांगल्या माणसाला महिनाअखेरीच्या तावडीतून सोडवायला कोणीतरी लागतं.

क्लॉज_ताई

मी सप्लायर ऑडिट करते, गंगापूर रोडला राहते, त्यामुळे दोन्ही बाजू बघते. तुमच्याकडे आयएटीएफ १६९४९ (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचं क्वालिटी स्टँडर्ड) असेल असं धरते, पोस्टवरून तसंच वाटतंय. मग तुमच्याच क्वालिटी मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं सापडेल, बहुतेक कोणी उघडलेलं नसेल.

त्यातला क्लॉज ५.३.२ वाचा. क्वालिटीला जबाबदार असलेल्या माणसाला डिस्पॅच थांबवायचा आणि प्रॉडक्शन थांबवायचा अधिकार असलाच पाहिजे, आणि तो टॉप मॅनेजमेंटने द्यायचाय. त्याच क्लॉजमध्ये प्रत्येक शिफ्टला क्वालिटीची जबाबदारी असलेला माणूस लागतो असंही आहे, म्हणजे तुमची खरी नॉनकन्फर्मन्स (स्टँडर्डमधली चूक) रात्रीच पडली, सकाळच्या चहाच्या आधी. डेव्हिएशनचं काका म्हणाले ते ८.७.१.१, कस्टमरची परवानगी आधी आणि माल नंतर. आणि ५.१.१.१ मध्ये २०१६ पासून लाचविरोधी पॉलिसी, कर्मचाऱ्यांची आचारसंहिता आणि वरच्याविरुद्ध तक्रार कुठे न्यायची याची पॉलिसी, तिन्ही सक्तीच्या आहेत. मी विचारलं की बहुतेक ठिकाणी लॅमिनेट केलेला कागद दाखवतात. त्यावर ज्याच्याकडे तक्रार करायची त्याचं नाव बघा, निम्म्या वेळा मालकाचंच असतं, किंवा वहिनींचं!

कायद्याचं म्हणाल तर फार आशा ठेवू नका. २०१४ चा व्हिसलब्लोअर कायदा सरकारी सेवकांबद्दलच्या तक्रारींसाठी आहे, खाजगी कंपनीचा त्यात संबंध नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ मध्ये व्हिजिल मेकॅनिझम (आतल्या माणसाने तक्रार करायची सोय) आहे पण ते लिस्टेड कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँकांचं ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्यांना. साठ माणसांचं शॉप त्यात बसणार नाही. म्हणून ड्रॉइंग नंबर, फोटो, रिपोर्ट असलं काही इथे टाकू नका, आत्तापर्यंत टाकलं नाहीत ते चांगलं केलंत.

आणखी एक, "छोट्या शॉपमध्येच असं होतं" असं कोणी म्हणू नये. डायहात्सूसारख्या जपानी गाड्यांच्या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्या गाड्यांची डिलिव्हरी थांबवली, ६४ मॉडेल्सच्या सेफ्टी टेस्टमध्ये गडबड निघाली आणि त्यातली सगळ्यात जुनी १९८९ ची. चौकशी समितीने बोट ठेवलं ते अति घट्ट शेड्यूलवर. तारीख हलणार नाही एवढंच वरून खाली येत गेलं, मग टेस्ट कशी बसवायची ते खालच्यांनी आपापलं बघितलं. "बाकीचं बघू" हे तुमच्या शेठचं वाक्य वाचलं आणि तेच आठवलं. हे "बघू" नेमकं कोणी बघायचं असतं?

सातपूरवाला_भो

ताई क्लॉज ठीक आहेत हो, पण अधिकार कागदावर आणि पगार शेठच्या हातात. ५.३.२ दाखवून डिस्पॅच थांबवलेला एक माणूस दाखवा.

क्लॉज_ताई

दोन दाखवते, एक सिन्नरला आणि एक अंबडलाच. तिसरा सोडून गेला, तेही सांगते, म्हणजे फक्त गोडच सांगितलं असं व्हायला नको.

छोटा_कारखानदार

मालकांनी पण उत्तर द्या म्हणालात म्हणून लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो. माझं अठरा माणसांचं युनिट आहे, गरवारे पॉइंटच्या पलीकडे.

मी "पाच चांगले घे" म्हणालोय. एकदा नाही. त्या वेळी डोक्यात काय असतं ते सांगतो. बँकेचा हप्ता ५ तारखेला, पगार ७ ला, आणि कस्टमरचं पेमेंट नव्वद दिवसांनी. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ चा, त्यात जास्तीत जास्त ४५ दिवस लिहिलंय, मग आयकरात ४३बी(एच) पण आलं (छोट्यांचे पैसे उशिरा दिले तर त्या वर्षी वजावट नाही), पण मोठ्या कस्टमरला नोटीस पाठवणार कोण, पुढची शेड्यूल (ऑर्डर) शून्य येते. मग बिल या महिन्यात पडलं नाही तर सगळं एक महिना पुढे सरकतं. ६४० नग डोळ्यासमोर येतच नाहीत, बिलाचा आकडा येतो. सबब म्हणून सांगत नाही, कसं होतं ते सांगतोय.

आणि वरून हसू येतं की तोच कस्टमर सप्लायर मीटला एथिक्सची स्लाइड दाखवतो, हॉटेलात, जेवणासकट. त्याचाच पर्चेसवाला रात्री अकराला फोन करतो की कसंही कर पण माल पाठव, लाइन थांबेल. कसंही म्हणजे कसं ते तो लिहून देत नाही.

माझं बदललं ते एका सुपरवायझरमुळे. त्याने मला एवढंच विचारलं, "भाऊ, मोजलेले पाच मी दाखवतो, पण रिपोर्टवर 'निवडून घेतले' असं लिहू का?" मी म्हणलं लिहू नको. तो म्हणाला "मग सही तुम्ही करा." आवाज चढवला नाही, राजीनामा नाही, काही नाही. पेन पुढे केलं. मी पाच मिनिटं ते पेन बघत बसलो आणि लॉट थांबवला. दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही हेही खरं, मालकाला पण अहंकार असतो हो. त्या महिन्यात पगार १२ तारखेला झाले, सगळ्यांना उभं करून कारण सांगितलं, दोघं चिडले, एक जण गेला.

नंतर एकच गोष्ट केली, क्वालिटीचा माणूस प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखालून काढला आणि त्याच्या इन्सेंटिव्हमधून डिस्पॅचचा आकडा काढून टाकला. तुमच्या इन्सेंटिव्हमध्ये डिस्पॅच आहे का? असेल तर आधी ते बघा. हिशोबाच्या घोटाळ्यातल्या सत्यम कंपनीच्या मालक राजूने जानेवारी २००९ च्या पत्रात लिहिलं होतं ना, वाघावर बसल्यासारखं झालं, खाल्लं न जाता उतरायचं कसं ते कळेना, आणि सुरुवात म्हणे हिशोबातल्या बारीक फरकाने झाली. आपल्यासारख्यांचा वाघ मांजराएवढाच असतो, तोवर उतरता येतं.

अंबडचा_क्यूए

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांना धन्यवाद, सातपूरवाल्या भाऊला पण, त्याने जे लिहिलं तेच माझ्या डोक्यात आधी होतं.

त्या रात्री परत गेलो. अप्रेंटिसला फोन केला नव्हता पण तो सेकंड शिफ्टला होताच, म्हणलं ६४० उचलायचेत. दोघांनी दीड वाजेपर्यंत मोजले. ४१२ चांगले, १३७ मधले, ९१ वरचे. वरच्यांना रंग मारला, काकांनी सांगितल्यासारखं कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे.

सकाळी शेठकडे कागद घेऊन गेलो. पेन वगैरे पुढे करायची माझी हिंमत झाली नाही, खरं सांगतो. म्हणलं ४१२ आज पाठवू, १३७ ची परवानगी मागू, ९१ स्क्रॅप. ते बराच वेळ कागद बघत राहिले, मग म्हणाले "मेल तू कर, मला सीसी ठेव." नंतर दिवसभर केबिनचं दार बंद. कस्टमरच्या क्वालिटीने १३७ पैकी एकही घेतला नाही, ड्रॉइंगला सूट नाही म्हणाले, आणि वर आठडी रिपोर्ट (चूक का झाली, परत होऊ नये म्हणून काय करणार याचा) मागितलाय. म्हणजे एकूण २२८ नग गेले. शेठ माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. इन्सेंटिव्हचं काढायची ही वेळ नाही असं वाटलं म्हणून ते राहिलंय, त्यात डिस्पॅच आहे, चाळीस टक्के.

पण काल प्रॉडक्शनवाल्याला सांगत होते की नाईटला एक इन्स्पेक्टर टाका, मला डायरेक्ट नाही सांगितलं, ऐकू येईल अशा बेताने सांगितलं.

बाकी एक काम होतं. कोणाकडे ४७ बोअरचं जुनं एअर गेज (हवेवर बोअर मोजणारं) विकायला असेल तर इथेच सांगा, युनिट चालू असलं पाहिजे, प्लग (बोअरमध्ये जातो तो भाग) घासलेला असला तरी चालेल, तो नवीन करून घेऊ. शेठ म्हणालेत नवीन नाही घेणार, जुनं बघ.