खमक्या पोलीस बाईचं घर मोडकंच का दाखवतात?

पारिजात

गेले काही महिने पोलिसी मालिका ओळीने बघते आहे. जुन्या-नव्या, देशी-परदेशी, मिळतील तशा. नायिका एकसे एक आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट खटकायला लागली ती लागलीच. बाई तपासात हुशार असली की तिचं घर विस्कटलेलं असणार, हे जणू ठरूनच गेलंय.

'प्राइम सस्पेक्ट' घ्या. १९९१ सालची मालिका, हेलन मिरेनची जेन टेनिसन. आधीचा अधिकारी हृदयविकाराने जातो म्हणून खुनाचा तपास तिच्याकडे येतो. आल्या आल्या तिच्या लक्षात येतं की मृत मुलीची ओळखच चुकली आहे. हाताखालचे पुरुष तिला पाण्यात पाहतात, सार्जंट ऑटली तर उघडउघड आडवा जातो, आणि ती सगळ्यांना पुरून उरते. इथवर उत्तम. पण त्याच सुमाराला जोडीदार तिला सोडून जातो, आणि २००६च्या शेवटच्या भागात ती निवृत्तीच्या उंबरठ्यावर, एकटी, दारूच्या आहारी गेलेली दिसते.

२००७ची डॅनिश 'द किलिंग' बघा. सारा लुंड नोकरी सोडून जोडीदाराकडे स्वीडनला राहायला निघालेली. तपास संपत नाही, ती काही जात नाही, आणि मुलगा हळूहळू दुरावतो. 'हॅपी व्हॅली'तल्या कॅथरिनच्या मुलीने आत्महत्या केलेली. 'मेअर ऑफ ईस्टटाउन'मधल्या मेअरचा मुलगाही तसाच गेलेला. दोघीही नातवाला वाढवतायत. आणि 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू'ची ऑलिव्हिया बेन्सन, जी १९९९पासून पडद्यावर आहे, तिचा जन्मच आईवर झालेल्या बलात्कारातून.

यातली एकेक कथा वेगळी बघितली तर पटते. ओळीने बघितल्या की वेगळंच काहीतरी ऐकू यायला लागतं. बाईने काम जीव ओतून केलं तर घर जाणार. आणि ती एवढी कणखर का, याचं उत्तर म्हणून भूतकाळात काहीतरी भयंकर घडलेलं असणार. एखाद्या बाईला नुसतं आपलं काम आवडतं, त्यात ती तरबेज आहे, एवढं कारण पुरत नाही का? तुम्हाला काय वाटतं?

सडेतोड

अजिबात पटलं नाही. मोडकं घर हा गुन्हेकथेचा जुना साचा आहे, त्याचा बाईशी संबंध नाही. ब्रिटिश मालिकेतला इन्स्पेक्टर मोर्स आयुष्यभर एकटा. स्वीडिश पोलीस अधिकारी वॉलंडर घटस्फोटित, तब्येतीची हेळसांड, मुलीशी सतत खटके. यांना कोणी सुखी संसार दिला होता?

उलट बायकांना हे सगळं मिळायला फार उशीर झाला. १९७४च्या 'पोलीस वुमन'मध्ये काय होतं? नायिकेला वेषांतर करून गुन्हेगारांत पाठवायचं, ती संकटात सापडायची, मग सहकारी धावून यायचे. त्या बाईला ना दोष होते ना खोली. टेनिसन स्वार्थी आहे, हट्टी आहे, माणसं वापरते, म्हणून तर ती खरी वाटते. आता बायकांनाही बिघडण्याचा हक्क मिळाला, तर आपण तक्रार करायची?

पारिजात

सडेतोड, बिघडण्याच्या हक्काला माझा विरोध नाही. फरक बघा कुठे आहे. मोर्सचं एकटेपण म्हणजे संगीत, शब्दकोडी, बिअरचा ग्लास. त्याने तो माणूस गहिरा वाटतो. वॉलंडरचं लेकीशी पटत नाही, पण "बाप असून असा कसा?" असं मालिका विचारत नाही. लुंडला मात्र तिची सख्खी आई सुनावते, मुलाकडे तुझं लक्ष नाही म्हणून. दुःख दोघांनाही आहे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी तीच उभी.

तिठा

मला या चर्चेत 'हॅपी व्हॅली'चा उल्लेख खटकला. तिला या यादीत टाकणं अन्याय आहे.

पहिल्या भागाची सुरुवात आठवा. एक पोरगा दारूच्या नशेत, प्रेयसीने सोडलं म्हणून, मुलांच्या खेळायच्या मैदानात अंगावर पेट्रोल ओतून घेऊन उभा आहे. हातात लायटर. कॅथरिन जवळच्या दुकानात शिरते, आग विझवायचा सिलिंडर उचलते, डोळ्यांना गॉगल चढवते आणि शांतपणे त्याच्याकडे चालत जाते. मग गप्पा मारल्यासारखं स्वतःबद्दल सांगायला लागते. वय सत्तेचाळीस, घटस्फोटित, बहिणीबरोबर राहते, बहीण हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडतेय, दोन मुलं, एक गेलं, एक बोलत नाही, आणि एक नातू.

पारिजात ज्याला विस्कटलेलं घर म्हणतात ते अख्खं घर तिने चार वाक्यांत त्या पोरापुढे मांडलं, आणि कशासाठी? त्याने लायटर पेटवू नये म्हणून. तिथे ते दुःख कामाचं साधन आहे. सॅली वेनराइटने लिहिलेली ती दोन मिनिटं मी कोणत्याही पाठलागापेक्षा वरची मानतो. हिला दुःख कोणी शिक्षा म्हणून दिलेलं नाही, ती ते घेऊन कामावर येते.

आणि त्या बहिणीला विसरू नका. क्लेअर आणि कॅथरिन चहाचे कप घेऊन मागच्या दारात बसून बोलतात. ते घर मोडकं नाही. त्यात नवरा नाही, एवढंच.

पारिजात

तिठा, शेवटचं वाक्य बिनतोड आहे. कॅथरिनचं घर मी मोडकं म्हणायला नको होतं, हे मान्य. पण मग मुलीची आत्महत्या कशाला? त्याशिवाय ती त्या मैदानात एवढीच धीट, एवढीच माणसं ओळखणारी असू शकली नसती? पोलिसात इतकी वर्षं काढल्यावर ते येतंच की अंगात.

नीरक्षीर

दोन्ही बाजूंनी एक मालिका सुटते आहे, 'कॅग्नी अँड लेसी'. १९८२ ते १९८८. मुख्य जोडीतल्या दोघीही बायका. कॅग्नी अविवाहित, महत्त्वाकांक्षी. लेसी विवाहित, मुलंबाळं असलेली, नवरा हार्वी समजूतदार. म्हणजे पारिजात जे मागताहेत ते चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलं.

आणि त्या वेळी काय झालं तेही ऐका. पहिल्या मोसमात कॅग्नी करणाऱ्या मेग फॉस्टरला काढून शॅरन ग्लेसला आणलं, कारण वाहिनीच्या मते या दोघी फारच राकट वाटत होत्या, पुरेशा 'बायकी' नव्हत्या. १९८३मध्ये मालिका बंदही केली. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून ती परत आली. पुढे १९८३ ते १९८८ सलग सहा वर्षं नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार या दोघींपैकीच एकीला मिळाला, टाइन डेलीला चारदा, ग्लेसला दोनदा.

म्हणजे प्रेक्षकांना संसारी पोलीस बाई चालते, एकटी चालते, राकटही चालते. शंका येतात त्या वाहिन्यांना. लेखकांना कशाला बोल लावायचा?

धुकं

तुम्ही सगळे परदेशातच फिरताय. आपल्याकडच्या मालिकांत बरोबर उलटं आहे, आणि मला ते जास्त जाचक वाटतं.

'दिया और बाती हम'ची संध्या आणि तिच्यावरून आपल्याकडे आलेली 'फुलाला सुगंध मातीचा'मधली कीर्ती. दोघीही आयपीएस. तिथे घर मोडत नाही, मोडूच शकत नाही. आधी सासूचं मन जिंकायचं, स्वयंपाक शिकायचा, शिक्षण जवळजवळ गुन्ह्यासारखं लपवायचं, आणि एवढं झाल्यावर वर्दी. वर्दी आल्यावरही उंबरठ्याच्या आत शिरली की पुन्हा सून. टेनिसनला घर गमवावं लागलं, कीर्तीला घराची परवानगी मिळवावी लागली. मला विचाराल तर टेनिसन निदान कोणाला विचारत तरी नाही.

आणि गंमत नाही, वाईट वाटतं ते याचं, की आपण १९८९मध्ये याच्या पुढे होतो. दूरदर्शनवरची 'उडान'. कविता चौधरींनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंगची भूमिकाही केली. प्रेरणा त्यांची बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य, ज्या पुढे २००४मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, राज्याच्या पोलीस दलाचं नेतृत्व करणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला. त्या मालिकेत लग्न हा प्रश्नच नव्हता. घरच्यांवर अन्याय झालेला बघून एक मुलगी ठरवते की अधिकार आपल्या हातात हवा, आणि वडील तिच्या पाठीशी उभे राहतात. बस.

सडेतोड

धुकं, 'दिया और बाती'ला इतकं झोडपू नका. रोज संध्याकाळी ती मालिका बघणाऱ्या घरांत किती सासवा बसलेल्या असतील? त्यांच्यासमोर एका सासूचं मत हळूहळू पालटताना दाखवलं. टेनिसन त्या घरात शिरलीच नसती, चॅनल बदललं असतं. जी नायिका बघितलीच जात नाही तिच्या कणखरपणाचा कोणाला उपयोग?

कलम

घर, नवरा, मुलं. सगळी चर्चा तिथेच अडकली आहे. मला वेगळा प्रश्न पडतो. पोलिसी मालिकेत बाई कणखर आहे हे पटवायला तिच्या हातून मारहाण का करवतात? पुरुष अधिकाऱ्याने कोठडीत हात उचलला तर हल्ली प्रेक्षक अस्वस्थ होतो. तेच बाईने केलं की शिट्ट्या. आपल्या कायद्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे कानाखाली वाजवून मिळवलेली कबुली ही तपासातली हार आहे, आणि मालिका ती विजय म्हणून दाखवते. अशा बाईला सशक्त म्हणायला माझी तयारी नाही, मग तिचं घर सोन्याचं असो.

म्हणून मला 'दहाड'ची अंजली भाटी आवडते. ती गेली की मागे एक सहकारी उदबत्ती लावतो, तिच्या जातीमुळे. रोज. ती ते बघते आणि फाइल उघडते. बायका बेपत्ता आहेत, कोणी गांभीर्याने घेत नाही, ती एकेक नाव जोडत जाते. आई लग्नासाठी मागे लागलेली, ते एका बाजूला चालू राहतं. तिचा कणखरपणा मला त्या फाइल उघडण्यात दिसतो.

तिठा

कलम, हे फार नेमकं सांगितलंत. यात 'दिल्ली क्राइम'ची वर्तिका जोडतो. नवराही पोलीस खात्यातलाच, घर शाबूत. मुलीला शहराचा वीट आलाय, परदेशी जायचंय, त्यावरून ताण आहे, पण तो कोणत्याही घरात असतो. पहिल्या मोसमात वर्तिका बहुतेक वेळ ठाण्यात माणसं कामाला लावत असते. कोणाला कुठे पाठवायचं, कोणावर विसंबायचं, कोणाला घरी झोपायला धाडायचं. शेफाली शहा ते सगळं आवाज न चढवता करते.

पारिजात

मला हेच हवं होतं! आणखी एक माझ्याकडून. 'फार्गो'चा २०१४चा पहिला मोसम, मॉली सॉल्व्हर्सन. लेस्टरवर तिचा संशय पहिल्यापासून, वरिष्ठ ऐकत नाही, ती वर्षभर भिंतीवरचा तक्ता वाढवत राहते. मधल्या काळात लग्न होतं, गरोदर असते, वडिलांशी छान नातं आहे. कुठलाही भयंकर भूतकाळ नाही. आणि तपासात सगळ्यांच्या पुढे.

नीरक्षीर

(शेवट फुटेल, बघायची असेल तर पुढे वाचू नका.)

पारिजात, मॉलीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. शेवटी माल्वोला, म्हणजे त्यातल्या भाडोत्री खुन्याला, गोळी कोण घालतं? तिचा नवरा गस, जो तेव्हा पोलिसातही नाही. तो तिला गळ घालतो, तू जाऊ नकोस, आणि ती ठाण्यात थांबते. घर शाबूत ठेवायचं म्हणून कथेचा कळसच तिच्याकडून काढून घेतला. टेनिसनला घर नाही मिळालं, पण आरोपीसमोर ती स्वतः बसते आणि स्वतः कबुली मिळवते. दोन्ही एकाच बाईला द्यायला लेखक अजून कचरतोच आहे.

पारिजात

पण शौर्याचं प्रशस्तिपत्र मिळतंय म्हटल्यावर गस स्वतःच म्हणतो की ते तुझं होतं. आणि ती सांगते, ते तू घे, मी चीफ होतेय. मला तो क्षण गोळीबारापेक्षा मोठा वाटतो. लेस्टर दोषी आहे हे तिने ओळखलं होतं, तिने एकटीने लावून धरलं होतं. ज्याने तिचं ऐकलं नाही तोच वरिष्ठ आपली खुर्ची तिला देतो.

नीरक्षीर

खुर्ची दिली, मान्य. समोरासमोर गाठ मात्र नाही दिली. दहा भाग तिच्याबरोबर वणवण केलेल्या प्रेक्षकाला ती गाठ हवी होती, मला तरी हवी होती.