रंगीत टेकड्या, कोरड्या घळी : डेथ व्हॅलीतली एका दिवसाची पायपीट (अनुभव धागा)

मंडळी, गेल्या डिसेंबरात आम्ही आठ जण अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत गोल्डन कॅनियन, झाब्रिस्की पॉइंट आणि परत येताना गोवर गल्चची घळ असा पूर्ण फेरा मारून आलो. 7.8 मैल, चढ जेमतेम अडीचशे मीटर. हे आकडे बघून मी ग्रुपवर "अगदीच सोपा आहे" असं लिहिलं होतं. ते वाक्य त्या दिवशी सात जणांनी मला आळीपाळीने ऐकवलं.

सुरुवातच समुद्रसपाटीच्या खाली. कॅनियनमध्ये शिरलं की दोन्ही बाजूंना पिवळ्या भिंती, पायाखाली खडी आणि मध्येच डांबराचे तुकडे. इथे पूर्वी चक्क गाडीरस्ता होता. फेब्रुवारी 1976 च्या पुरात तो वाहून गेला. जिथे वर्षाला सरासरी पाच सेंटिमीटर पाऊस पडतो तिथला रस्ता पुरात जातो, हे ते डांबर बघितल्याशिवाय पटत नाही.

आमचा घोळ रेड कॅथीड्रलच्या फाट्यावर झाला. पुढचे दोघे पायाला भिंगरी लावल्यासारखे सरळ लाल कड्याकडे गेले, आम्ही उजवीकडे मॅन्ली बीकन नावाच्या सुळक्याच्या बगलेला वळलो. फोनला रेंज नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आपण सहाच आहोत. एकाला परत पाठवून फाट्यावर बसवलं. ते दोघे आले ते "तुम्ही कुठे राहिलात?" असं उलट आम्हालाच विचारत!

तर तुम्हीही लिहा. छान झालेल्या भटकंत्यांची वर्णनं खूप वाचली. कुठे चुकलात, कोण रुसलं, कुठून परत फिरलात, ते हवंय.

* * *

आम्ही हाच प्रकार उलटा केला. बरोबर आई होती, वय 67. म्हटलं गाडी वर झाब्रिस्कीलाच लावू, खाली उतरून बॅडलँड्सचा (पाण्याने चिरलेल्या उघड्या मातीच्या टेकड्यांचा) 2.7 मैलांचा छोटा फेरा करू. आधी चढ आणि मग उतार ही सवय अंगात इतकी मुरलेली की शेवटी चढायचंय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आईच्या आलं. तळाशी पोचल्यावर शांतपणे म्हणाली, "अरे, पण गाडी वर राहिली ना?"

भर दुपारी त्या टेकड्या अगदी फिक्या दिसत होत्या, धुऊन धुऊन विटलेल्या गोधडीसारख्या. मी मनात म्हटलं, यासाठी एवढा प्रवास? आई दर वळणावर बसत होती, उशीर होत होता, माझी चिडचिड चालू होती. आणि चारच्या सुमारास उन्हं कलली तशी त्याच टेकड्यांना मधाचा, तपकिरी, मध्येच जांभळट असा रंग चढायला लागला. प्रत्येक घडी वेगळी उठून दिसू लागली. वेळेत वर पोचलो असतो तर हे गाडीच्या काचेतून बघितलं असतं. आई अजून ऐकवते.

* * *

पेशाने जलअभियंता असल्यामुळे जरा विषयांतर. गोवर गल्चच्या तळाशी करडी खडी दिसते, तिच्याकडे नीट बघा. आजूबाजूच्या टेकड्या जुन्या तळ्यांच्या गाळाच्या, मऊ आणि पिवळट. मग ही करडी खडी आली कुठून?

फर्नेस क्रीकच्या वस्तीला पुराचा धोका नको म्हणून 1941 मध्ये झाब्रिस्कीजवळ फर्नेस क्रीक वॉश या एरवी कोरड्या पात्राचं पाणी या घळीत वळवलं. म्हणजे एका लहानशा ओहोळाच्या गळ्यात मोठ्या पात्राचा पूर ओतला. तेव्हापासून तो आपला तळ खरवडतोय, काठ खातोय. ही सगळी खडी त्या पाहुण्या पाण्याबरोबर आलेली.

हे मी आमच्या ग्रुपला जागेवर उभं करून समजावलं. पंधरा मिनिटं. उन्हात. बायकोने पाण्याची बाटली हातात दिली, मला वाटलं काय काळजी आहे! ती "आता पुरे" अशा अर्थाने दिली होती.

* * *

आम्ही मेअखेर गेलो होतो, हीच पहिली चूक. अकरा जण, सकाळी साडेसहाला निघायचं ठरलेलं, प्रत्यक्ष वाटेच्या तोंडाशी नऊ वाजले. तिथे पाटी : दहानंतर चालू नका. एक जण म्हणाला, "मग अजून तास आहे की."

कॅनियनमध्ये वाऱ्याचं नाव नाही, भिंती तव्यासारख्या तापलेल्या. घामही जाणवत नव्हता, कारण येतो तसा वाळतो. अर्ध्या तासात परत फिरलो. 10 जुलै 1913 ची 56.7 अंश सेल्सिअसची, जगातल्या सर्वाधिक तापमानाची नोंद याच फर्नेस क्रीकची, हे आम्हाला नंतर कळलं. परत फिरल्याबद्दल दोघांनी अबोला धरला होता. गाडीत एसी लागल्यावर बोलायला लागले.

* * *

आर्टिस्ट्स पॅलेट या इथल्याच रंगीबेरंगी उतारावर आखीव अशी वाट नाही, समोरच्या घळीत उतरायचं आणि पाय नेतील तिकडे जायचं. लाल, गुलाबी, पिवळा हे लोखंडाच्या संयुगांचे रंग, जांभळा मँगनीजचा, हिरवा ज्वालामुखीच्या राखेतली खनिजं बदलून झालेला. या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या टिंबिशा शोशोनी लोकांचं नावही इथल्या लाल गेरूशी जोडलेलं आहे.

आमच्या चिरंजीवांनी (वय 9) एक हिरवा दगड खिशात टाकला. नॅशनल पार्कातून काही उचलायचं नाही हे सांगितल्यावर रडारड, "एवढे तर आहेत!" शेवटी जिथून घेतला तिथेच ठेवायचा असं ठरलं. ती जागा काही सापडेना. तीन घळी पालथ्या घातल्या, सगळ्या सारख्याच! त्यानेच मग एक कोपरा पसंत केला आणि "हा त्याच्या भावांसारखा दिसतो" म्हणून दगड तिथे ठेवला.

* * *

आमची विमानाची तिकिटं सप्टेंबर 2023 ची. ऑगस्टमध्ये हिलरी वादळाने एका दिवसात वर्षभराच्या सरासरीपेक्षा जास्त पाऊस पाडला आणि पार्क जवळजवळ दोन महिने बंद राहिलं. मग फेब्रुवारी 2024 मध्ये गेलो, तर समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली असलेल्या बॅडवॉटरच्या खोलगट भागात पुन्हा तळं साचलेलं!

आम्ही पोचलो त्याच्या आदल्या रात्री भुरभुर झाली होती. त्या रंगीत टेकड्यांची माती ओली झाली की काय होते हे सांगायला शब्द नाहीत. दर पावलाला बूट अर्धा किलोने वाढतो. मैलभरात परतलो, आणि मागे वळून बघितलं तर आमच्या पायांचे खोल ठसे. वाळल्यावर ते किती दिवस राहिले असतील या विचाराने आजही ओशाळायला होतं.

* * *

मी कायम बॅकलीड. सगळ्यात मागून चालायचं आणि माणसं मोजायची. गोवर गल्चच्या तोंडाशी घळ एकाएकी संपते, पुढे कोरडा धबधबा. उजव्या अंगाने कड्याला बिलगून अरुंद वाट जाते, घसारा आहे. आमच्यातली एक तिथे बसलीच. "मी इथेच राहते, तुम्ही जा." समजावून उपयोग नव्हता. मी दरीच्या बाजूने तिच्या शेजारून चालायला लागलो आणि तिला तिच्या नव्या घराच्या गळक्या नळाबद्दल विचारलं. नळाच्या संतापात ती कड्याची ती पूर्ण आडवी वाट पार करून गेली.

पुढचा डोंगराच्या पायथ्याचा साधारण मैलभर पट्टा कंटाळवाणा. गाड्या दिसत राहतात, जवळ येत नाहीत. पोचल्यावर सवयीने माणसं मोजली तर आठ. आम्ही सात होतो! कुणी अनोळखी आजोबा आमच्यामागे शांतपणे चालत आले होते. म्हणाले, "तुम्ही सारखे माणसं मोजताना दिसलात, म्हटलं यांच्यामागे राहिलेलं बरं."