मदत हवी आहे: फ्लॉवरचे गड्डे लिंबाएवढेच राहिलेत

परसबाग_वेडी
दहा रोपं आहेत. चारांना गड्डा धरला, पण लिंबाएवढा झाला आणि तिथेच थांबला. आठवडा होऊन गेला, वाढ शून्य. हवेचा तर काही नेमच नाही. चार दिवस कडक ऊन, मग झोडपणारा पाऊस, आता रात्री एकदम गारठा. खत वेळेवर घालतेय, पाणी रोज देतेय. बाकीच्या सहांना अजून काहीच नाही. काय फवारू ते लवकर सांगा, बघवत नाहीये.

मातीचे_हात
फवारणीचं नंतर. वाण कोणता? कुंडी की वाफा? लावताना रोप किती दिवसांचं होतं?

परसबाग_वेडी
पांढराच फ्लॉवर आहे. वाफ्यात. रोपं घरीच केली.

गांडूळमित्र
ताई, दर रोपाला दोन ओंजळी गांडूळखत द्या आणि वर पाला पसरा. मी दरवर्षी हेच करतो, गड्डे छान भरतात.

बियाणं_वही
गड्डा धरल्यावर ओंजळी कितीही घाला, बटण झालेला, म्हणजे असा लहानपणीच खुंटलेला गड्डा मोठा होत नाही. गड्डा भरतो तो पानांच्या जिवावर. रोप लहान असतानाच गड्डा धरला तर त्याला पोसणार कोण?

गांडूळमित्र
माझ्याकडे वाढलेत, म्हणून सांगतोय.

बियाणं_वही
त्या रोपांना तेव्हा पानं किती होती, ते आठवून सांगा.

हिरवी_गच्ची
बोरॉन कमी पडलंय. फवारा मारा.

मातीचे_हात
बोरॉन कमी असलं की गड्ड्यावर तपकिरी डाग येतात, देठ आतून पोकळ होतो. ताई, तसं काही दिसतंय का?

परसबाग_वेडी
नाही. गड्डा पांढराशुभ्र, घट्ट. फक्त लहान.

सुतळी
गड्डा पिवळा पडू नये म्हणून बाहेरची पानं वर ओढून सैल बांधा. पाऊस पडून गेल्यावर मात्र सोडा, नाहीतर आत पाणी साचून कुजतो.

कोबीवाली
मी फ्लॉवरचा नाद सोडला. कोबी हवेचे चढउतार जास्त सोसतो. फक्त कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की गड्डा तडकतो, तेवढं सांभाळायचं.

परसबाग_वेडी
मला कोबी नकोय! पाकीट सापडलं, त्यावर 'लवकर येणारा वाण' लिहिलंय. रोपं कागदी कपांत होती. पाऊस उघडेना म्हणून लावायला उशीर झाला, आठ आठवडे सहज झाले असतील. याने फरक पडतो?

मातीचे_हात
हेच तर पहिल्यापासून विचारतोय. रोप चार-पाच आठवड्यांचं असताना लावायचं. कपात अडकून राहिलं की उपासमार होते आणि ते घाईने फुलावर येतं. त्यात लवकरच्या वाणाला गड्डा धरायला साधारण 20 ते 27 अंश लागतात. रोप लहान असताना गारठा पडला की तो बटणच देतो. एक रोप उपटून मुळं बघा.

परसबाग_वेडी
उपटलं. मुळं अजून कपाच्याच आकारात गोल गुंडाळलेली आहेत, बुडाशी तर चुंबळीसारखी. बाहेरच्या मातीत जेमतेम चार-पाच तंतू गेलेत. एवढे दिवस मी पाणी घालत होते ते कुणाला?

बियाणं_वही
हवेला सगळा दोष देऊ नका. ही चार बटणं काढून घ्या, खायला चांगली असतात. उरलेल्या सहांचा शेंडा तपासा. कोवळी पानं फुटत असतील तर थोडं नत्र द्या. पाणी रोज नको, वरची माती सुकली की द्या.

गांडूळमित्र
नत्र म्हणजे गांडूळखतच की.

बियाणं_वही
त्यात असतं, पण ते सावकाश मिळतं. इथे घाई आहे.

परसबाग_वेडी
आत्ताच टॉर्च घेऊन बघून आले. पाचांचा शेंडा हिरवा आहे. सहाव्यात मधोमध नुसता खळगा आणि भोवती जाड, कडक पानं.

मातीचे_हात
तो आंधळा झालाय, गड्डा धरणार नाही. काढून टाका. पाच सांभाळा.

परसबाग_वेडी
आणि आता थंडी टिकली तर नवीन बी पेरू का? कोणतं?

मातीचे_हात
उशिराचा स्नोबॉल गटातला वाण घ्या. त्याला 10 ते 16 अंश मानवतात. सगळं बी एकदम पेरू नका. अर्धं आज, अर्धं दहा दिवसांनी, म्हणजे हवा फिरली तरी एक खेप हाताशी राहील. आणि या वेळी कपावर पेरणीची तारीख लिहा.