फक्त सिग्निफिकंट (केवळ योगायोग वाटत नाहीत असे) अंदाज ठेवून रोबस्टनेस तपासणी (निकाल टिकतो का ते पाहणं) करणं योग्य आहे का?

चलराशी:
विश्लेषण दोन टप्प्यांचं आहे. आधी ४०० कंपन्यांपैकी प्रत्येकीची व्याजदराबाबतची संवेदनशीलता ६० महिन्यांच्या परताव्यावरून काढली. मग ती कर्जाच्या प्रमाणावर रिग्रेस केली, म्हणजे कर्जाबरोबर ती किती बदलते याची रेषा बसवली. शोधनिबंधाच्या परीक्षकांच्या मते पहिल्या टप्प्यातले बरेच अंदाज डळमळीत आहेत, म्हणून पी-व्हॅल्यू (खरी किंमत शून्य असताना इतका मोठा अंदाज योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली असलेल्याच कंपन्या ठेवून निकाल टिकतो का ते दाखवायचं आहे. तसं केल्यावर १३० कंपन्या उरतात आणि गुणांक (रेषेचा उतार) ०.२१ वरून ०.३८ होतो. निकाल आणखी भक्कम झाला असं लिहावं का? की बाद झालेल्यांना शून्य देऊन पूर्ण नमुना ठेवावा?

मध्यक:
दोन्ही नको. पी ०.०५ च्या खाली म्हणजे टीचा आकार साधारण १.९६ च्या वर, आणि टी म्हणजे अंदाज भागिले स्टँडर्ड एरर (अंदाज योगायोगाने साधारण किती हलू शकतो त्याचं माप). त्यामुळे १.९६ ची अट अचूक अंदाज निवडत नाही, मोठे अंदाज निवडते, आणि त्यात योगायोगाने फुगलेलेही येतात. खरी किंमत एका स्टँडर्ड एररएवढी असेल तर अट पार होण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, आणि जे पार होतात त्यांचा सरासरी आकार खऱ्या किमतीच्या जवळपास अडीच पट असतो. सगळ्यांची संवेदनशीलता खरोखर शून्य असली तरी ४०० पैकी साधारण २० कंपन्या आत येतीलच.

शिवाय तुमच्या समीकरणात हा अंदाज डावीकडे आहे, म्हणजे गाळणी थेट अवलंबी चलावर लागते. अंदाज धन-ऋण दोन्हीकडे पसरलेले असतील तर शून्याजवळचा पट्टा निघून जातो आणि रेषा जास्त चढी होते. सगळे धन असते तर उलट घडलं असतं: खालचा भाग कापला जाऊन उतार चपटा झाला असता. म्हणून ०.३८ वरून भक्कमपणाबद्दल काहीच ठरत नाही.

शून्य भरणंही चालणार नाही. टी १.९ आणि टी २ यांतला पुरावा जवळपास सारखाच, तरी एकाला शून्य आणि दुसऱ्याला पूर्ण आकडा मिळतो.

उतारमापी:
परीक्षकांची शंका मात्र रास्त आहे, तिला दुसऱ्या वाटेने उत्तर द्या. सगळ्या ४०० कंपन्या ठेवून वजनं लावा: १ भागिले (दुसऱ्या टप्प्यातला स्वतःचा व्हेरियन्स, म्हणजे कर्जाने न उलगडणाऱ्या खऱ्या फरकाचा पसारा + त्या कंपनीच्या स्टँडर्ड एररचा वर्ग). तो स्वतःचा व्हेरियन्स ढोबळमानाने असा काढता येतो: साध्या रिग्रेशनच्या अवशेषांच्या (रेषेपासूनच्या अंतरांच्या) व्हेरियन्समधून स्टँडर्ड एररच्या वर्गांची सरासरी वजा करायची, उत्तर ऋण आलं तर शून्य धरायचं. नुसतं १ भागिले स्टँडर्ड एररचा वर्ग घेतलंत तर मोजक्या अतिअचूक कंपन्याच निकाल ठरवतील.

गाळायचंच असेल तर स्टँडर्ड एररवर गाळा: सर्वांत अस्थिर १० टक्के, मग २५ टक्के काढून पाहा. इथे एक धोका आहे. लहान, चढउताराच्या कंपन्यांचा स्टँडर्ड एरर मोठा असतो आणि त्यांचं कर्जही वेगळं असू शकतं. म्हणून उरलेल्या आणि काढलेल्या गटांच्या सरासरी शेजारी शेजारी छापा.

चलराशी:
पण परीक्षकांना तोच तक्ता हवा आहे. आणि दुसऱ्या एका समीकरणात हाच अंदाज उजवीकडे, म्हणजे स्पष्टीकरण देणारं चल म्हणून, आहे. तिथेही वजनंच लावायची का?

उतारमापी:
तक्ता द्या, पण सोबत सिम्युलेशनही (कृत्रिम आकड्यांवरची चाचणी) द्या. खरा उतार ०.२१ धरा, त्यात दुसऱ्या टप्प्याचा व्हेरियन्स आणि प्रत्येक कंपनीच्या स्टँडर्ड एररएवढी यादृच्छिक चूक मिसळून कृत्रिम अंदाज तयार करा, तीच गाळणी लावा, रिग्रेशन चालवा. असं १,००० वेळा. मिळालेल्या गुणांकांच्या मधल्या ९५ टक्क्यांत ०.३८ बसला, तर ही वाढ एकट्या गाळणीनेही घडू शकते. टीच्या १.६४, १.९६ आणि २.५८ (पी ०.१०, ०.०५ आणि ०.०१) या तिन्ही उंबरठ्यांवर हेच दाखवा.

उजवीकडे अडचण वेगळी आहे: मोजमापातल्या चुकीमुळे गुणांक शून्याकडे झुकतो, आणि सिग्निफिकन्सच्या गाळणीने ते सुधारत नाही. तिथे अंदाज सरासरीकडे आकसून वापरा. अंदाजांचा व्हेरियन्स ०.०९ आणि स्टँडर्ड एररच्या वर्गांची सरासरी ०.०५ असेल तर खरा फरक ०.०४. मग ०.२ स्टँडर्ड एरर असलेल्या कंपनीचं सरासरीपासूनचं अंतर ०.०४ ÷ (०.०४ + ०.०४), म्हणजे निम्मं ठेवायचं, ०.४ असेल तर फक्त पाचवा हिस्सा. आकसलेले आकडे डावीकडे मात्र टाकू नका, तिथे उतार उगाच लहान होतो.

मध्यक:
एक भर: आकसलेला अंदाज उजवीकडे वापरलात तर छापील स्टँडर्ड एरर खूप लहान दिसतो, कारण पहिल्या टप्प्याची अनिश्चितता त्यात नसते. बूटस्ट्रॅपमध्ये (मूळ माहितीतूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजताना) दोन्ही टप्पे पुन्हा चालवा. सगळ्या कंपन्या एकाच व्याजदराला तोंड देतात, म्हणून त्यांच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात; तेव्हा नमुना कंपन्यांचा नाही, सलग महिन्यांच्या गठ्ठ्यांचा घ्या.