आईची पल्स बसल्या जागी १०५-११०, कशामुळं असेल?

शाहूपुरीकर: आई ४८ ची आहे, बीपी शुगर नॉर्मल. धडधडतंय म्हणत होती म्हणून ऑक्सिमीटर लावला तर निवांत बसलेली असताना पण १०५ च्या वर. ताप नाही. जोतिबाच्या पायऱ्या चढताना दम लागून मध्येच बसली, असं आधी कधी झालं नव्हतं. डॉक्टरांनी टेन्शनमुळं म्हणून झोपेची गोळी दिली, टेस्ट एकपण नाही सांगितली. हार्टचं काय असेल का ओ? लई काळजी लागलीय.

रंकाळा_वॉक: आधी हातानं मोजा. चहा पिऊन अर्धा तास गेल्यावर पाच मिनिटं शांत बसवायचं आणि मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद. ६० ते १०० नॉर्मल. ठोके एका लयीत पडतात का मध्येच चुकतात तेपण बघा.

वॉर्डातली_ताई: मी नर्स आहे. पल्स वाढली म्हणजे हार्टच बिघडलं असं नसतंय. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की दर ठोक्याला ऑक्सिजन कमी जातो, मग तेवढाच पोचवायला हार्टला जास्त वेळा पंप करावं लागतंय. या वयात पाळीत अंगावरून जास्त जातं आणि बायका घरात सांगतच नाहीत, दुखणं अंगावर काढतात, त्यामुळं हे बहिणीला विचारायला लावा. खालची पापणी ओढून बघा, आतनं फिकट आहे का. दुसरी शंका थायरॉईड वाढल्याची, त्यात जेवण असून वजन उतरतंय, हात थरथरतात, घाम येतो. दम्याचा पंप, नाक मोकळं करायच्या गोळ्या, पाणी कमी पिणं यानंपण वाढते. सीबीसी (हिमोग्लोबिन कळतं ती रक्ताची टेस्ट), टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) आणि ईसीजी करून घ्याच, कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवलं तरी चालेल. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडल्या किंवा बसल्या बसल्या दम लागला तर मात्र थांबू नका, १०८ ला फोन लावा.

शाहूपुरीकर: ताई, बहिणीनं विचारलं. बरेच महिने खूप जातंय म्हणे, आम्हाला पत्ताच नाही. पापणीपण पांढरट दिसतीय. सकाळीच रक्त तपासायला नेतो.

वॉर्डातली_ताई: न्या. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी, धरतात. पण नुसती लोहाची गोळी घेऊन गप बसू नका, एवढं का जातंय ते बायकांच्या डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करायला लागंल. आणि गोळी चालू झाली की तिच्यावर लगेच चहा नको, लोह अंगाला लागत नाही. शौचाला काळं होतं त्या गोळीनं, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर भिऊन बंद करतील.