मदत हवी आहे: दुसऱ्या सभागृहावर परवा बोलायचंय, मुद्दे द्या

सिडकोची_मुक्ता: परवा आंतरमहाविद्यालयीन वादविवाद आहे. विषय दुसऱ्या सभागृहाची गरज. नेटवर तेच ते, 'सखोल चर्चा' आणि 'ज्येष्ठांचं सभागृह'. ठोस काहीतरी सांगा, लवकर!

गोदाकाठ: बाजू कोणती? वेळ किती? राज्यसभा की आपली विधान परिषद?

सिडकोची_मुक्ता: राज्यसभाच. गरज आहे म्हणून बोलायचंय. पाच मिनिटं.

सिन्नरकर_काका: बेटा, विधान परिषदेवर बोल. वि. स. पागे परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजना त्यांचीच कल्पना, पुढे १९७७ चा कायदा. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला हक्काची मजुरी मिळाली ती त्यामुळे.

रोखठोक: पागेसाहेबांबद्दल आदरच आहे. पण ते विधानसभेत असते तर सुचलं नसतं का? देशात सहाच राज्यांत परिषद उरलीय. तमिळनाडूने १९८६ मध्ये बंद केली, काय अडलं त्यांचं?

मास्तर_नाशिकरोड: विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवायचं तर फॉर्म १८ भरा. जुन्या यादीत नाव असलं तरी दर निवडणुकीला नव्याने नोंदणी लागते.

रोखठोक: सर, तिने हे विचारलंच नाहीये.

मास्तर_नाशिकरोड: नसेल विचारलं. पण ऐन मतदानाच्या दिवशी 'यादीत नावच नाही' म्हणून पदवीधर परत जातात, ते बघवत नाही.

गोदाकाठ: मुक्ता, १९७० चे तनखे घे. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे सरकारकडून त्यांना दरवर्षी मिणारी रक्कम, बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. राज्यसभेत बाजूने १४९, विरोधात ७५. मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे २२४ पैकी १४९.३३. एका मताच्याही आत अडली! हा हिशोब फळ्यावर मांडल्यासारखा सावकाश सांग.

रोखठोक: म्हणजे चांगलं काम अडवलं. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत देताय तिच्या.

गोदाकाठ: अडवलं, पण कायमचं नाही. १९७१ ला निवडणूक झाली, लोकांनी कौल दिला आणि २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. इतका मोठा बदल लोकांना विचारून झाला, हाच तिचा मुद्दा. शिवाय घटनादुरुस्तीवर मतभेद झाले तर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची सोय नाही. लोकसभेला एकटीने रेटता येत नाही.

रोखठोक: ठीक. पण २००३ पासून राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट काढली. मग राज्यांचं सभागृह कसलं? हे विचारणारच.

सिन्नरकर_काका: मी अजूनही म्हणतो, पागेसाहेब सोडू नकोस.

सिडकोची_मुक्ता: काका, विषय संसदेचा आहे हो, पाच मिनिटांत नाही बसणार. तनखेच घेते. पण रहिवासाच्या प्रश्नावर काय बोलू?

गोदाकाठ: सरळ मान्य कर. म्हण, अट परत आणा. दोष निवडीच्या नियमात आहे, त्यासाठी सभागृह कशाला मोडायचं?

रोखठोक: हे चालेल. उद्या रात्री भाषण इथे टाक, मी विरोधी बाजूने प्रश्न विचारतो. सोपे नसतील.