'अबोध', 'सुप्त' की 'नेणीव'?

बालाघाट : अंबाजोगाईत पहिल्या वर्षाच्या पोरांना मानसशास्त्र शिकवतो. काल मनोविश्लेषण ही उपचारपद्धत काढणारा फ्रॉइड घेतला. फळ्यावर 'अबोध मन' (इंग्रजीतलं 'अनकॉन्शस') लिहिलं आणि विचारलं, यातून काय कळतंय? एक मुलगी म्हणाली, "सर, लहान लेकराचं मन." तिची काय चूक? 'अबोध बालक' हेच आपण ऐकत आलोय. अबोध म्हणजे निरागस, आणि फ्रॉइडला तर तिथं निरागस असं काही सापडलंच नव्हतं. दुसऱ्या पुस्तकात 'सुप्त मन' आहे. पण सुप्त म्हणजे झोपलेलं. हे मन आपण झोपल्यावरच जास्त कामाला लागतं. मला 'नेणीव' बरा वाटतोय. तुम्ही काय वापरता?

गोदाकाठ : नेणीवच. 'नेणणे' म्हणजे न जाणणे, त्यातून आलेला. जाणीव-नेणीव ही जोडी हरिपाठात आहे, म्हणजे पैठणपासून नरसीपर्यंत ज्यांच्या घरी संध्याकाळी टाळ वाजतो त्यांच्या कानाला ती नवी नाही.

मात्र एक अडचण आहे. हरिपाठातली नेणीव म्हणजे नुसतं न जाणणं. फ्रॉइडचं म्हणणं असं की एखादी गोष्ट मनाला सोसत नाही म्हणून ते ती बाहेर लोटतं, आणि लोटल्याचाही आपल्याला पत्ता नसतो. लोटलेलं गप्प बसत नाही. स्वप्नात येतं, भलतंच नाव तोंडातून निघतं, कधी धडधाकट हात लुळा पडतो. या लोटण्याला पुस्तकं 'दमन' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. दमन पोलीस करतात, तेही उघडउघड.

सीताफळ : सर, आपल्याला मानसशास्त्र येत नाही. पण आमच्या जुन्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर बैलं बांधायची, लेकरं खेळायची, नव्या सुनेला कळायचंसुद्धा नाही की आपण कशावर उभ्या आहोत. पण उघडताना लई बेतानं. घाईनं आत उतरलेला माणूस कोंडलेल्या हवेनं गुदमरून मरतो. आधी तोंड मोकळं करून वारं खेळू द्यायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. तुमचं ते मन तसलंच दिसलालंय.

गोदाकाठ : अण्णा, झकास! एकच खोट आहे. पेव भरणाऱ्याला पेव कुठं आहे ते ठाऊक असतं, इथं भरणाराच विसरलेला. शिवाय ज्वारी आपली पडून राहते, हे सारखं वर यायला बघतं.

कंदिलाचं मात्र मी उचलणार. मनोविश्लेषणाची चार बुकं वाचून पहिल्याच भेटीत "तुमच्या मनात अमुक दडलंय" असं सांगून मोकळं होणारे डॉक्टर तेव्हाही होते. १९१० साली फ्रॉइडनं त्यावर एक लेखच लिहिला आणि त्या प्रकाराला 'रानटी' मनोविश्लेषण म्हटलं. नुसतं सांगून माणूस बरा होत नाही, उलट बिथरतो.

बालाघाट : पेव उद्याच वर्गात नेतो. आता 'अहम्'चं, म्हणजे इगोचं सांगा. पोरं विचारतात, "थेरपीनं इगो कमी होतो का?" त्यांच्या लेखी इगो म्हणजे घमेंड.

गोदाकाठ : हे दुखणं भाषांतराचं आहे. १९२३ साली फ्रॉइडनं मनाच्या तीन भागांसाठी वापरलेले जर्मन शब्द भाजीवालीलाही कळावेत असे होते : 'एस', 'इश', 'युबर-इश'. म्हणजे 'ते', 'मी' आणि 'वरचा मी'. इंग्रजीत जाताना त्यांचं लॅटिन झालं (इड, इगो, सुपरइगो) आणि आपण त्यांना संस्कृतचं सोवळं नेसवून इदम्, अहम्, पराहम् करून ठेवलं. पोरांना सांगा, इगो कमी करायचा नसतो. जिथं 'ते' होतं तिथं 'मी' यावा, असंच फ्रॉइडनं पुढं लिहिलं. "मला काय झालं होतं कुणास ठाऊक, ते आपोआप झालं" असं म्हणणारा माणूस "मी केलं" म्हणू लागतो.

मांजराकाठ : लातूरला समुपदेशन करते, म्हणून एक माझीही अडचण. मनोविश्लेषणातलं 'स्थानांतरण' ('ट्रान्सफरन्स') वाचलं की मला बदलीची ऑर्डरच आठवते. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ एकीकडचं उचलून दुसरीकडं नेणं; भाषांतरालाही तोच चालतो. घडतं काय, तर समोरचा माणूस आपल्याशी बोलता बोलता त्याच्या बप्पाशी, म्हणजे वडलांशी, बोलायला लागतो. दहा मिनिटं उशीर झाला की तोंड फुगवतो. मी घड्याळाकडं बघितलं तर "तुम्हीही कंटाळलात ना मला?" आता याला मराठीत काय म्हणू?

बालाघाट : वड्याचं तेल वांग्यावर!

मांजराकाठ : सर, तेल काढणाऱ्याला निदान वडा माहीत असतो. साहेबावरचा राग बायकोवर काढला तर तुमची म्हण बसते, त्याला 'विस्थापन' म्हणतात. इथं राग येतो तसा जीवही लागतो, आणि हे सगळं आपल्यासाठीच आहे असं त्या माणसाला मनापासून वाटत असतं. ते अंगावर घेऊन, न चिडता, तेल कुठल्या वड्याचं आहे हे त्याच्याबरोबर बसून शोधायचं. उपचाराचा मोठा भाग तोच.

सीताफळ : म्हणजे ताई, फी वांग्यानं घ्यायची?